पेशीपटल शिकताय? आकृती शेवटी काढा

अकरावीत गेल्यावर पहिले दोन महिने मी एका न सापडणाऱ्या रेषेच्या मागे होते. मराठी माध्यमात ‘प्रद्रव्यपटल’ आणि ‘पेशीपटल’ शिकलेली, कॉलेजात ‘प्लाझ्मा मेम्ब्रेन’ आणि ‘सेल मेम्ब्रेन’. चार नावं, म्हणजे निदान दोन तरी पडदे असणारच, या समजुतीने मी आकृतीत दुसरा शोधत बसायचे. विचारायची लाज वाटायची. मग सगळ्यांनी केलं तेच मीही केलं. दोन शेपट्यांच्या गोळ्यांची ती दोन रांगांची आकृती घोटली, नावं पाठ केली, गुण मिळवले.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, “कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावलं की पाणी का सुटतं?” मी ऐटीत म्हटलं, “ऑस्मोसिस.” “बरं. मग पाणी बाहेर येण्याऐवजी मीठच आत का नाही गेलं?” मी गप्प. आकृती डोळ्यांसमोर लख्ख होती आणि तिचा काडीचा उपयोग होत नव्हता.

आता मी अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवते आणि हा धडा उलटा सुरू करते. आधी मीठ-पाणी, मग रेणू, आकृती सगळ्यांत शेवटी. तुम्ही स्वतः अभ्यास करत असाल, किंवा मुलांना घरी शिकवत असाल, तर याच क्रमाने जाऊन बघा. दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

१. आधी नावांचा गुंता सोडवा

पेशीपटल, प्रद्रव्यपटल, सेल मेम्ब्रेन, प्लाझ्मा मेम्ब्रेन: चारही एकच, पेशीभोवतीचं पातळ आवरण. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मी पुढे पेशीपटलच म्हणेन.

पेशीभित्तिका मात्र वेगळी. ती वनस्पती, बुरशी आणि बहुतेक जिवाणूंमध्ये पेशीपटलाच्या बाहेर असते. आपल्या पेशींना ती नसतेच. वनस्पतींमध्ये ती मुख्यतः सेल्युलोजची, जाड, ताठ, आणि पाणी किंवा मीठ दोघांनाही फारसं न अडवणारी. गोणपाटातून पाणी जावं तशी. अडवाअडवीचं काम आतल्या पातळ पटलाचं. या दोघांत गल्लत झाली की पुढचा सगळा धडा तिरका जातो, म्हणून इथे घाई नको.

आणखी तीन जोड्या: विसरण म्हणजे डिफ्युजन (दाटीकडून विरळाकडे पसरणं), परासरण म्हणजे ऑस्मोसिस (पटलातून पाण्याचं असं जाणं), निवडक्षम पारपटल म्हणजे सिलेक्टिव्हली परमिएबल मेम्ब्रेन (काहींना जाऊ देणारं, काहींना अडवणारं पटल). बाकीचे शब्द वाटेत भेटतील.

२. सामान जमवा

- दोन मोठे बटाटे, एक बीट
- मीठ, आणि ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा
- पट्टी, सुरी, नवं ब्लेड, चार काचेचे ग्लास
- खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल, प्रत्येकी चमचाभर
- ऱ्हिओचं एक पान (वरून हिरवं, खालून जांभळं, सोसायट्यांच्या कडेला, रस्त्याच्या दुभाजकात सर्रास असतं)
- सूक्ष्मदर्शक, दोन काचपट्ट्या, आच्छादन काच, टिपकागद

सूक्ष्मदर्शक मिळत नसेल तर शाळेच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत अर्धा तास मागून घ्या. कागदाचा घडीचा फोल्डस्कोपही या कामाला चालतो.

यादीत अंडं नाही, हे मुद्दाम. व्हिनेगरमध्ये अंड्याचं कवच विरघळवायचं आणि उरलेला फुगा दाखवून ‘हे बघा पेशीपटल’ म्हणायचं, असे व्हिडिओ ढिगाने आहेत. पाणी आत-बाहेर जाताना बघायला ते झकास आहे, पण तो पापुद्रा पेशीपटल नव्हे. ते प्रथिनांच्या धाग्यांचं विणलेलं अस्तर आहे, डोळ्यांना दिसतं, बोटांना लागतं. खरं पेशीपटल यातलं काहीच करू देत नाही.

३. बटाट्याला विचारा

बटाटा सोलून पाच सेंटिमीटर लांबीचे, बोटाएवढ्या जाडीचे सारखे तुकडे करा. साल राहू देऊ नका. ती पाणी अडवते आणि निकाल फसतो. प्रत्येक तुकडा फडक्याने टिपून त्याचं वजन लिहा. तीन ग्लास भरा: पहिल्यात साधं पाणी, दुसऱ्यात लिटरला १० ग्रॅम मीठ या हिशेबाचं, तिसऱ्यात १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ. दोन तास थांबा. रात्रभर ठेवू नका.

पहिल्या ग्लासातला तुकडा कडक होतो, मोडला तर कट्कन मोडतो, वजन थोडं वाढलेलं. तिसऱ्यातला लुळा पडतो, बोटाभोवती वाकतो, वजन घटलेलं. मधला कुठे झुकतो ते तुमचं तुम्ही बघा, आणि हौस असेल तर मिठाचं प्रमाण बदलत बदलत वजन अजिबात न हलणारं द्रावण शोधा. त्या बटाट्याचं समपरासारी द्रावण ते. पहिलं अवपरासारी, तिसरं अतिपरासारी.

इथले दोन खड्डे:

एक, ‘अतिपरासारी’ ही तुलना आहे, द्रावणाचा स्वभाव नव्हे. समुद्राचं पाणी तुमच्या पेशींना अतिपरासारी आहे, समुद्रातल्या खेकड्याला नाही. उत्तर लिहिताना ‘पेशीतल्या द्रवाच्या मानाने’ हे शब्द गाळू नका.

दुसरा खड्डा असा की, पाणी फक्त एकाच दिशेने जातं असं वाटतं. ते सतत दोन्हीकडे जात असतं. एका बाजूला जास्त गेलं की आपल्याला वजनात फरक दिसतो, एवढंच.

मुलं इथे हमखास विचारतात की साध्या पाण्यात बटाट्याची पेशी फुटत का नाही. पेशीभित्तिका तिला धरून ठेवते म्हणून. आपल्या लाल रक्तपेशीला भित्तिका नाही. ती शुद्ध पाण्यात टाकली तर फुगून फुटते. म्हणून सलाइनच्या बाटलीत नुसतं पाणी नसतं, लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं ते हेच.

४. ऱ्हिओच्या पानात डोकवा

पान जांभळी बाजू वर येईल असं धरा, तिरकं फाडा, कडेला सुटणारा जांभळा पापुद्रा ब्लेडने कापून पाण्याच्या थेंबात ठेवा, वर आच्छादन काच. आधी कमी भिंगातून बघा. जांभळ्या फरशा बसवल्यासारख्या पेशी दिसतील.

आता काचेच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. थेंब आत ओढला जाईल. डोळा काढू नका. पाच-दहा मिनिटांत जांभळा रंग भिंतींपासून सुटतो, आक्रसतो, आणि चौकटीच्या मध्ये एक गडद गोळा उरतो. यालाच रससंकोच म्हणतात. मी हे शेकडो वेळा दाखवलं असेल, तरी दर वेळी स्वतः आधी बघून घेते.

मग साधं पाणी घालून उलटं करा. लवकर केलं तर रंग पुन्हा पसरतो. दुसरा पापुद्रा उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून हाच प्रयोग करा. काही होत नाही. रंग आधीच गळून गेलेला असतो, मीठ कुणाला ओढणार? बिटाचं तेच. तुकडे करून वाहत्या पाण्याखाली धुवा, कापलेल्या पेशींचा रंग निघून जाऊ दे, मग एक तुकडा थंड पाण्यात आणि एक कडकडीत पाण्यात टाका. थंड पाणी बराच वेळ जवळजवळ स्वच्छ राहतं, गरम लगेच लालभडक. पटल शाबूत आहे तोवरच अडवणूक आहे.

जर्नलमध्ये ‘मला पेशीपटल दिसलं’ असं लिहू नका. ते दिसलेलं नाही. पेशीपटलाची जाडी सात-आठ नॅनोमीटर. साध्या सूक्ष्मदर्शकाला दोनशे नॅनोमीटरच्या खालचं वेगळं करता येत नाही. वहीच्या एका पानाच्या जाडीत अशी साधारण १३ हजार पटलं एकावर एक मावतील. तुम्हाला दिसली ती रंगाची कड, आणि तो रंगही पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीत, असतो. तिला स्वतःचं वेगळं पटल आहे. पेशीपटल तिच्या बाहेर, न दिसता सोबत सरकलं.

५. आता पटल बांधा

न दिसणाऱ्या गोष्टीचे थर कसे मोजणार? १९२५ साली नेदरलँड्समध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी लाल रक्तपेशी निवडल्या. सस्तन प्राण्यांच्या पक्व लाल पेशीत केंद्रक नाही, आत दुसरी पटलं नाहीत. जो काही मेद निघेल तो बाहेरच्या एकाच आवरणाचा. तो त्यांनी काढला, पाण्यावर एकेरी थरात पसरला आणि क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे दोन थर. गंमत अशी की त्यांच्याकडून दोन चुका झाल्या होत्या: मेद पूर्ण निघालाच नव्हता, आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडलं आणि उत्तर बरोबर आलं! परीक्षेत असं नशीब कुणाला मिळतं?

दोनच थर का, हे मात्र पाठ करायची गरज नाही. पटलातला हा मेद मुख्यतः फॉस्फोलिपिडचा. त्याच्या रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्या तेलाच्या जातीच्या. असे कोट्यवधी रेणू पाण्यात सोडले आणि पाणी दोन्हीकडे आहे, आतही आणि बाहेरही. शेपट्यांनी लपायचं कुठे? एकमेकींच्या आड. डोकी दोन्हीकडच्या पाण्याकडे, शेपट्या मधोमध. कुणी रचावं लागत नाही, आपोआप होतं. आणि हे रेणू एकमेकांना रासायनिक बंधांनी जोडलेले नसतात. आकृतीत ते विटांसारखे दिसतात म्हणून सगळे फसतात.

जोडलेले नाहीत म्हणून ते सरकतात. खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल दोन वाट्यांत घालून फ्रीजमध्ये ठेवा. खोबरेल लवकर दगड होतं, कारण त्याच्या बहुतेक शेपट्या सरळ आहेत, लाकडाच्या मोळीसारख्या घट्ट बसतात. शेंगदाण्याच्या तेलातल्या बऱ्याच शेपट्यांना मध्ये बाक असतो, त्या नीट रचता येत नाहीत. पेशीपटलातही हाच हिशेब चालतो. थंड पाण्यातल्या माशांच्या पटलात बाकदार शेपट्या जास्त असतात. आपल्या पेशींत कोलेस्टेरॉलही मध्ये शिरून बसलेलं असतं आणि ते पटलाला उष्णतेत फार सैल आणि थंडीत फार ताठ होऊ देत नाही. कोलेस्टेरॉल म्हटलं की फक्त हृदयविकार आठवणाऱ्यांसाठी हे सांगून ठेवते.

सरकतात याचा पुरावा १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी दिला. माणसाची आणि उंदराची पेशी एकत्र जोडली, दोघींच्या प्रथिनांना वेगवेगळे चमकणारे रंग लावले. सुरुवातीला अर्धी लाल, अर्धी हिरवी. शरीराच्या तापमानाला ४० मिनिटांत दोन्ही रंग पूर्ण मिसळले. दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, सिंगर आणि निकोल्सन यांनी प्रवाही मोझेक प्रतिकृती मांडली: मेदाचा पातळ, हलता थर आणि त्यात रुतलेली, तरंगणारी प्रथिनं. पुस्तकात असते ती आकृती हिच्यावरूनच आलेली.

जाता जाता: दुधातल्या मेदाच्या थेंबांवरचं बाहेरचं आवरण हे गाईच्या स्तनग्रंथीतल्या पेशींच्या पटलातूनच आलेलं असतं. थेंब पेशीतून बाहेर पडताना पटल पांघरून निघतो. रवीने घुसळताना आपण ती आवरणं फोडतो, आतला मेद एकमेकांना चिकटतो आणि लोण्याचा गोळा वर येतो.

६. सरांच्या प्रश्नाचं उत्तर

मीठ आत का जात नाही? पाण्यात विरघळलं की मीठ सोडिअम आणि क्लोराइड या आयनांच्या, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांच्या, रूपात असतं. प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचा घोळका. पटलाच्या मध्यभागी शेपट्यांचा तीन-चार नॅनोमीटरचा तेलकट पट्टा. तो पार करायचा तर आयनाला हा घोळका सोडून तेलात उतरावं लागेल, आणि ते त्याला फार महागात पडतं. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड सहज जातात. पाणी थोडंफार झिरपतं. ग्लुकोज आणि आयन जवळजवळ अडकतात.

चाणाक्ष वाचक आता विचारेल, मग लोणच्याची फोड आतपर्यंत खारट कशी? कारण तोवर फोडीतल्या पेशी मेलेल्या असतात. पटल तुटलं की मीठ खुशाल आत जातं. पहिल्या दिवशी कैरीला सुटतं ते पाणी परासरणाचं. मुरणं हा त्यानंतरचा कारभार.

पण जिवंत पेशीला ग्लुकोज आणि आयन हवेच असतात. त्यासाठी प्रथिनांची दारं. इथे पुस्तकात प्रकारांची जंत्री येते आणि मुलं बुडतात. जंत्री बाजूला ठेवा, कुठलाही पदार्थ आला की दोनच प्रश्न विचारा: तो उताराने चाललाय की चढाने? त्याला दार लागतं का?

उताराने, म्हणजे जास्त संहतीकडून (दाटीकडून) कमीकडे, दाराविना: साधं विसरण. उताराने पण दारातून: सुकर विसरण, आणि याला ऊर्जा लागत नाही. ‘प्रथिन आलं म्हणजे ऊर्जा आली’ ही मी तपासलेल्या पेपरांतली सगळ्यांत नेहमीची चूक आहे. चढाने: दार लागतंच आणि ऊर्जाही.

पाण्यालाही दारं असतात. पाणी नुसतं झिरपून इतक्या वेगाने जाणं शक्य नाही, ही शंका जुनीच होती. पीटर अॅग्रे लाल रक्तपेशीतल्या दुसऱ्याच एका प्रथिनाच्या मागे होते आणि हाताला हे दार लागलं. त्यातून पाणी जातं हे १९९२ मध्ये सिद्ध झालं, त्याला अॅक्वापोरिन नाव मिळालं, आणि अॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल.

चढाचं नमुनेदार उदाहरण सोडिअम-पोटॅशिअम पंप. येन्स स्कौ यांनी तो १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत शोधला. एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं इंधन) खर्चून तीन सोडिअम बाहेर, दोन पोटॅशिअम आत. तीन बाहेर आणि दोन आत, उलट नाही. मी ‘पोटॅशिअम पोटात’ असं लक्षात ठेवते, हसलात तरी चालेल.

७. समजलं का, हे ओआरएसवर तपासा

ओआरएसने, म्हणजे मीठ-साखर-पाण्याने, जुलाबात माणूस वाचतो. का? ‘साखरेने शक्ती येते’ हे उत्तर अपुरं आहे.

आतड्याच्या पेशींवर एक असं दार आहे की ते सोडिअम आणि ग्लुकोज दोघं मिळून आले तरच नीट चालतं. सोडिअम उताराने आत येतो, कारण पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप त्याला सतत बाहेर फेकून आत कमी ठेवतो. त्याच्या जोरावर ग्लुकोज चढ चढतं. दोघांच्या मागोमाग पाणी शोषलं जातं. असं दोघांचं जोड-दार असावं, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलं. कॉलऱ्याचं विष क्लोराइडची दारं उघडी पाडतं, मीठ आणि पाणी आतड्यात वाहत सुटतं, पण हे जोड-दार शाबूत राहतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये ग्लुकोज-मिठाचं पाणी कालवून लोकांना पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

आता स्वतःला विचारा: साखर दुप्पट घातली तर दुप्पट फायदा होईल का? नाही. आतड्यातलं द्रावण अतिपरासारी होईल, पाणी शरीरातून आतड्याकडे येईल आणि जुलाब वाढतील. तिसऱ्या ग्लासातला लुळा बटाटा आठवा. म्हणूनच पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्यायचं, ‘थोडं कडक’ करायचं नाही. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. बाळ सुस्त पडलं असेल किंवा काहीच पोटात ठरत नसेल तर आधी दवाखाना गाठा.

८. आता आकृती

पेन्सिल काढा. पहिल्यांदा कागदाच्या वरच्या भागात ‘पेशीबाहेर’ आणि खालच्या भागात ‘पेशीत’ असं लिहा. हे न लिहिल्यामुळे अर्ध्या आकृत्या निरर्थक होतात.

मग डोक्यांच्या दोन रांगा, शेपट्या आत. काही शेपट्यांना बाक द्या. मधूनमधून कोलेस्टेरॉल. मग प्रथिनं: काही आरपार, काही एकाच पृष्ठभागाला टेकलेली. त्यांना फुलदाण्यांसारखं सारख्या अंतरावर मांडू नका, आणि कंजुषीही नको. माणसाच्या लाल रक्तपेशीच्या पटलात वजनाने सुमारे ५२ टक्के प्रथिनं आणि ४० टक्के मेद असतो. मेदाच्या समुद्रात चार बेटं, असं ते चित्र नाही. पटलात चांगली दाटी असते.

शेवटी शर्करेच्या साखळ्या, काही प्रथिनांवर आणि काही मेदावर, आणि फक्त ‘पेशीबाहेर’ लिहिलेल्या बाजूला. तुमचा रक्तगट ए की बी हे लाल पेशींवरच्या याच साखळ्यांच्या टोकाला कुठली शर्करा आहे त्यावर ठरतं. त्या आत असत्या तर रक्तपेढीतल्या काचपट्टीवर प्रतिपिंडांना त्या सापडल्याच नसत्या. मुलं घाईत दोन्ही बाजूंना साखळ्या काढतात. मी तिथे लाल पेनाने गोल करते आणि कडेला ‘रक्तगट?’ एवढंच लिहिते.